सरोवराच्या काठावरचा अश्मयुगीन ठेवा: गाळाने राखला, लाटांनी उघडा पाडला

केनियाच्या उत्तर टोकावरील तुर्काना सरोवराच्या खोऱ्यातून नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी एक महत्त्वाचा शोध जगासमोर आला. नामोरोतुकुनान या ठिकाणी सुमारे २७.५ लाख, २५.८ लाख आणि २४.४ लाख वर्षांपूर्वीच्या तीन वेगवेगळ्या थरांमध्ये एकाच धाटणीची दगडी हत्यारे सापडल्याचे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचे डेव्हिड ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात जाहीर केले. सुमारे तीन लाख वर्षांच्या या काळात तेथील पाणथळ, हिरवा प्रदेश कोरड्या गवताळ रानात बदलला. हत्यारे घडविण्याची रीत मात्र टिकून राहिली. वृत्तपत्रांतील मथळे साहजिकच माणसाच्या पूर्वजांच्या चिकाटीवर बेतलेले होते. त्याआड एक प्रश्न मात्र झाकला गेला. उघड्या मैदानात टाकून दिलेले दगडाचे तुकडे सत्तावीस लाख वर्षे जागच्या जागी राहतातच कसे? आणि जी परिस्थिती त्यांना राखते, तीच आज तुर्कानाच्या काठावर झपाट्याने बदलत असेल, तर उरलेल्या ठेव्याचे काय?

हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता नाही. २०१८ मध्ये युनेस्कोने तुर्काना सरोवरातील राष्ट्रीय उद्यानांचा समावेश 'धोक्यातील जागतिक वारसा' यादीत केला. त्यात सिबिलोई, सेंट्रल आयलंड आणि साउथ आयलंड ही तीन उद्याने येतात आणि कूबी फोराची जगप्रसिद्ध स्थळे सिबिलोईच्याच हद्दीत आहेत. या निर्णयामागे मुख्य चिंता होती ती इथिओपियात ओमो नदीवर उभ्या राहिलेल्या गिबे-३ धरणाची. सरोवराला मिळणाऱ्या पाण्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी एकट्या ओमोचे. सरोवरातून बाहेर जाणारी नदी नाही. येणारे पाणी आणि बाष्पीभवन यांच्या ताळेबंदावरच त्याची पातळी ठरते. धरणाचा जलाशय २०१५ पासून भरू लागला तेव्हा पातळी घटली आणि सरोवर आटण्याची भीती व्यक्त झाली. प्रत्यक्षात पुढे उलटेच घडले. २०१९-२० च्या अतिवृष्टीत पूर्व आफ्रिकेतील खचदरीतील सरोवरे एकापाठोपाठ एक फुगली. तुर्कानाचा विस्तार २०१० ते २०२० या दशकात सुमारे दहा टक्क्यांनी वाढला आणि जवळजवळ ८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. काठावरील एल मोलो या छोट्या मच्छीमार समाजाची एक वस्ती मुख्य भूमीपासून तुटली, दफनभूमीही बुडाली.

म्हणजे आटण्याची भीती घालणारे सरोवर बुडवू लागले. या उलटापालटीमुळे संरक्षणाच्या चर्चेत बराच गोंधळ आहे. पाणी वाढले म्हणजे ठेवा नष्ट झाला, असे सरसकट म्हणता येत नाही. ते घटले म्हणजे तो वाचला, असेही नाही. त्यासाठी ही स्थळे मुळात तयार कशी होतात, हे पाहावे लागते.

चिखलात दगड आला कोठून?

सरोवराचा काठ म्हणजे चिखल, गाळ आणि बारीक वाळू. मोठे गोटे नद्या डोंगराच्या पायथ्याशीच टाकून देतात; सरोवरापर्यंत पोचते ती माती. साधी वाटणारी ही गोष्ट पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोलाची आहे. नदीच्या पात्रात हजारो गोट्यांमध्ये एखादा फुटका गोटा दिसला, तर तो माणसाने फोडला की प्रवाहाने आपटला, यावर वाद घालता येतो. पण जिथे वाटाण्याएवढा खडाही निसर्गतः येत नाही, तिथे मूठभर आकाराचा धारदार दगड मिळाला, तर तो कोणीतरी हातात धरून आणलेला असतो.

कूबी फोरा येथे १९६९ मध्ये भूशास्त्रज्ञ के बेरेन्समायर यांना नेमके हेच दिसले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'केबीएस' म्हणून ओळखले जाणारे हे स्थळ सरोवराला मिळणाऱ्या एका प्राचीन त्रिभुज प्रदेशात होते. जवळच दुसऱ्या एका ठिकाणी पाणघोड्याच्या हाडांसोबत दगडी छिलके मिळाले. रिचर्ड लीकी यांच्या मोहिमेतील पुरातत्त्वाची बाजू सांभाळणारे ग्लिन आयझॅक यांनी दाखवून दिले, की या गाळात मोठा दगड नावालाही नाही. हत्यारांचा कच्चा माल काही किलोमीटरवरून आलेला आहे. माणसाचे पूर्वज दगड वाहून नेत होते, पुढच्या गरजेचा विचार करत होते, हा निष्कर्ष मुख्यतः सरोवराकाठच्या मऊ चिखलाच्या साक्षीवर उभा आहे.

पाणी, मासे, पाणघोडे, सावली देणारी झाडे या सर्व गोष्टी काठावर होत्या, म्हणून माणसेही तिथे येत. २०२४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या केव्हिन हटाला यांच्या संशोधनाने तर कूबी फोराच्या एकाच ओलसर किनाऱ्यावर, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी, होमो इरेक्टस आणि पॅरान्थ्रोपस बॉइसी अशा दोन भिन्न जातींची पावले काही तास-दिवसांच्या अंतराने उमटल्याचे दाखवून दिले. पाऊलखूण ही दगडापेक्षा कितीतरी नाजूक. ती टिकली, कारण उमटल्यानंतर लगेचच तिच्यावर बारीक गाळाचे पांघरूण पडले.

सारे मर्म या 'लगेचच'मध्ये आहे. दगड कुजत नाही, त्यामुळे तो आपोआप टिकतो, असा सर्वसाधारण समज असतो. दगड टिकतो हे खरेच. पण स्थळ टिकत नाही. स्थळ म्हणजे दगडांची मांडणी. कोणता छिलका कोणत्या गाभ्याशेजारी पडला, हाडे कोठे होती, बारीक कपच्यांचा सडा कोठे दाट होता, या गोष्टी नाहीशा झाल्या की उरतो तो केवळ संग्रहालयाच्या कपाटातील नग.

लाटेची चाळणी

ही मांडणी कशी मोडते, याचा प्रत्यक्ष प्रयोग कॅथी शिक यांनी तुर्कानाच्याच पूर्व काठावर केला. गोटे फोडून त्यांनी नव्याने हत्यारे तयार केली. छिलके, गाभे, कपच्या यांचे सडे सरोवराकाठी, नदीकाठी, पूरमैदानात मांडून ठेवले. प्रत्येक तुकड्याची नोंद केली आणि पुन्हा पुन्हा तिथे जाऊन काय उरले ते पाहिले. १९८६ मध्ये हे काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. आपल्या हातांनी घडविलेली 'स्थळे' डोळ्यांदेखत मोडताना पाहण्याची ही कल्पना आज साधी वाटते, पण तोवर बहुतेक अभ्यासक तर्कावरच विसंबून होते.

वाहते पाणी चाळणीसारखे काम करते. नखाएवढ्या कपच्या आधी जातात, मग पातळ छिलके. जड गाभे मागे राहतात. दगड फोडताना सर्वाधिक संख्येने निघतात त्या बारीक कपच्या. त्यामुळे एखाद्या उत्खननात केवळ मोठी हत्यारे मिळाली आणि चुरा नसेल, तर दोनच शक्यता उरतात: हत्यारे दुसरीकडे घडवून इथे आणली गेली, किंवा पाण्याने चुरा नेला. चुरा आणि गाभा दोन्ही शेजारी मिळाले, तुकडे परस्परांशी जुळले, लांबट दगड एकाच दिशेला वळलेले नसले, तर जागा फारशी हललेली नाही असे मानता येते. पश्चिम तुर्कानातील लोकालालेई २-सी हे २३.४ लाख वर्षांपूर्वीचे स्थळ याचे उत्कृष्ट उदाहरण. तिथे दोन हजारांहून अधिक तुकडे मिळाले आणि हेलेन रोश व आन देलान्य यांच्या चमूने त्यांतील अनेक पुन्हा जोडून मूळ गोटे उभे केले. कोणता छिलका आधी निघाला, कोणता नंतर, हे क्रमाने वाचता आले. एखादा जोराचा पूर मध्ये आला असता तर यातले काहीच हाती लागले नसते.

याच्या उलट टोकाला ओलोर्गेसाइली. नैरोबीच्या दक्षिणेकडील या जुन्या सरोवराच्या खोऱ्यात लुई आणि मेरी लीकी यांना १९४२ मध्ये हातकुऱ्हाडींचे अक्षरशः खच मिळाले. पर्यटक आजही ते जागेवरच पाहतात आणि हा आदिमानवांचा कारखाना असावा असे समजून परततात. पुढे तिथे काम करणाऱ्या आयझॅक यांनी मात्र वेगळी शक्यता पुढे ठेवली होती: उथळ प्रवाहात दगड एकमेकांना अडवतात आणि पाणीच त्यांचे ढीग लावते. थोडक्यात, सर्वांत देखणा दिसणारा ढीग सर्वांत कमी बोलणारा असू शकतो.

सरोवराचा काठही एकसारखा नसतो. जिथे उतार अगदी मंद आहे, वेत-लव्हाळ्यांनी लाटेचा जोर मोडला आहे, तिथे पाणी चोरपावलांनी चढते आणि त्यासोबत येणारा चिखल जमिनीवरील वस्तू झाकून टाकतो. जिथे किनारा उघडा आहे आणि वारा सरळ आपटतो, तिथे लाटा वर्षानुवर्षे एकाच पट्ट्यात घासत राहतात. माती जाते, दगड खाली बसतात आणि निरनिराळ्या काळांतील वस्तू एका थरात मिसळतात. तुर्काना हे जोरदार वाऱ्यांचे सरोवर आहे. आग्नेय काठावरील लोइयांगलानी भागात ३६५ पवनचक्क्यांचा प्रकल्प उभा राहिला तो याच वाऱ्यामुळे. तेव्हा तेथील उघड्या किनाऱ्यावर पाण्याखाली बुडणे ही मुख्य आपत्ती नसून लाटांच्या पट्ट्यात वारंवार सापडणे ही आहे. पातळी एकदाच वाढून स्थिरावली तर खाली गेलेली जागा कदाचित गाळाखाली सुरक्षित राहील. ती दोन-तीन मीटरने सतत वर-खाली होत राहिली तर तीच जागा दरवेळी चाळून निघेल.

जमीन खचली म्हणून इतिहास राहिला

काठावर चिखल साचणे ही झाली पहिली पायरी. तो लाखो वर्षे तिथे राहण्यासाठी जमीन खाली जात राहावी लागते. तुर्कानाचे खोरे पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत आहे. भूकवच ताणले जाऊन तळ खचत गेला आणि नव्या गाळाला जागा मिळत गेली. सुमारे चाळीस लाख वर्षांत या खोऱ्यात सरोवरे आली आणि गेली. ४० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास लोन्युमुन, २० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास लोरेन्यांग अशी त्यांना नावे आहेत. मधल्या प्रदीर्घ काळात येथून ओमोचा पूर्वज असलेली नदी वाहत समुद्राकडे जात होती. म्हणून आजचा किनारा हा अनेक किनाऱ्यांपैकी शेवटचा, एवढेच.

खचदरीने आणखी एक उपकार केला. इथिओपियाच्या पठारावरील ज्वालामुखींची राख वेळोवेळी या खोऱ्यात येऊन पडली. राखेतील स्फटिकांवरून वय काढता येते आणि तिच्या वर-खाली असलेल्या थरांचा काळ बांधता येतो. हेही निर्वेध झाले नाही. केबीएस राखेचे वय आधी २६ लाख वर्षे सांगितले गेले. डुकरांच्या जीवाश्मांचा पुरावा त्याशी जुळेना. सत्तरच्या दशकात यावर कडाक्याचा वाद झाला आणि अखेर ते सुमारे १९ लाख वर्षे ठरले. जगातील सर्वांत जुनी मानली जाणारी दगडी हत्यारे, ३३ लाख वर्षांपूर्वीची लोमेक्वी-३ येथील, सरोवराच्या पश्चिमेला सापडली. सोनिया हार्मांड यांच्या चमूने २०१५ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हाही वयाचा आधार राखेचे थर आणि पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या नोंदी हाच होता.

शेवटची पायरी सर्वांत धोक्याची आणि गमतीचीही. गाडलेले स्थळ गाडलेलेच राहिले तर ते कोणाला कळणार नाही. भ्रंशांमुळे थर वर उचलले जातात, क्वचित पडणारा मुसळधार पाऊस घळी खोदतो आणि एके दिवशी उतारावर छिलके दिसू लागतात. पुरातत्त्वज्ञ पोचतात ते याच क्षणी. उशीर झाला तर पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत सारे ओहोळात. ज्या धुपेला शत्रू म्हणायचे, तीच वाटाड्याही आहे. त्यामुळे कूबी फोराच्या उघड्याबोडक्या टेकड्यांना सिमेंटने जखडावे अशी सूचना कोणी करत नाही.

यातून सध्याच्या धोक्याचे खरे स्वरूप कळते. लाखो वर्षे जुनी बहुतेक स्थळे आजच्या पाण्याच्या रेषेपासून दूर, उंचावरील घळींच्या मुलखात आहेत. सरोवर काही मीटरने चढल्याने ती बुडत नाहीत. त्यांना खरा फटका बसतो तो त्याच अतिवृष्टीत घळींमधून धावणाऱ्या पाण्याचा. दहा हजार वर्षांपूर्वीच्या आर्द्र काळात सरोवर आजच्यापेक्षा ऐंशी मीटरहून अधिक उंच होते, त्यामुळे त्या काळचे किनारेही आज कोरड्या जमिनीत वर राहिले आहेत. मार्ता मिराझोन लाहर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले नातारुक त्यांपैकीच. एका खाजणाच्या काठावर मारल्या गेलेल्या माणसांचे सांगाडे तिथे मिळाले; एकाच्या कवटीत ज्वालाकाचेचे पाते रुतलेले होते. खाजणाच्या गाळाने ते जसेच्या तसे राखले. आजच्या वाढत्या पाण्याचा थेट तडाखा बसतो तो त्यानंतर सरोवर ओसरत गेल्यावर सखल पट्ट्यात राहिलेल्या वस्त्यांना, आणि जिथे जुने थर अगदी आजच्या किनाऱ्यापर्यंत येऊन भिडले आहेत अशा जागांना. या पट्ट्याची पाहणी प्राधान्याने होणे आवश्यक आहे.

धरणाचा परिणामही केवळ पातळीपुरता पाहून चालणार नाही. गिबे-३ चा २४३ मीटर उंचीचा बांध ओमोचा वार्षिक पूर अडवतो आणि पाणी वर्षभर समप्रमाणात सोडतो. पुरासोबत येणारा गाळही जलाशयातच बसतो. मासेमारी आणि नदीकाठची पूरशेती यांवरील परिणामांची चर्चा झाली आहे, ती योग्यच आहे. परंतु ज्या गाळाच्या पांघरुणाने हा सारा वारसा घडविला, त्याच्या पुरवठ्यालाच कात्री लागते, हा मुद्दा संरक्षणाच्या कागदपत्रांत जवळपास कोठेच ठळकपणे येत नाही.

बुलडोझर आणि बिलोरी स्फटिक

अशा जागांचे मोल कळायला उशीर झाल्यास काय होते, याचा दाखला इस्रायलमध्ये आहे. जॉर्डन नदीकाठचे गेशेर बेनोत याकोव्ह हे सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीचे स्थळ प्राचीन हुला सरोवराच्या काठावर होते. थर सतत पाण्याने भिजलेले राहिल्याने दगडी हत्यारांसोबत लाकूड, बिया, फळांच्या कवच्या आणि माशांचे अवशेषही शिल्लक राहिले. नामा गोरेन-इनबार यांनी १९८९ ते १९९७ या काळात तिथे उत्खनन केले. अग्नीच्या वापराचा अतिशय जुना पुरावा याच स्थळाचा. १९९९ च्या अखेरीस पूरनियंत्रणासाठी नदीपात्र खोल करताना यंत्रांनी याच थरांचा काही भाग उपसून काढला. स्थळ अज्ञात नव्हते, नकाशावर नोंदलेले होते. तरीही असे घडले.

भारतालाही या विषयाची ओळख आहे, आणि ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजमुळे. महाराष्ट्रातील अश्मयुगाचा अभ्यास प्रामुख्याने नद्यांच्या काठी झाला. हसमुख सांकलिया यांनी प्रवरेकाठच्या नेवाशात पन्नासच्या दशकात जे काम सुरू केले, त्यातील बराचसा पुरावा नदीच्या गोटाळ थरांतील होता. अशा थरांत हत्यारे मूळ जागेवरून हललेली असण्याचा प्रश्न पाठ सोडत नाही. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी वीरेंद्रनाथ मिश्र, शरद राजगुरू आणि क्लेअर गेयार यांच्या चमूने राजस्थानात डिडवाणाजवळ सिंगी तलाव येथे उत्खनन केले, ते वेगळ्या प्रकारचे होते. थरच्या वाळवंटाच्या कडेला एका जुन्या सरोवराकाठच्या चिकणमातीत हातकुऱ्हाडी, गाभे आणि छिलके फारसे न हललेल्या अवस्थेत मिळाले. त्यांत बिलोरी काचेसारखे सहा छोटे स्फटिकही होते. हत्यार करण्याच्या दृष्टीने ते निरुपयोगी. घडविल्याची खूण त्यांच्यावर नाही. चिखलात ते आपोआप येणे शक्य नाही. कोणीतरी ते उचलून आणले असावेत, बहुधा आवडले म्हणून. नदीच्या गोटाळ थरात हे सहा खडे मिळाले असते तर कोणी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलेही नसते.

सिंगी तलावाचे वय बराच काळ फार जुने मानले जात होते. २०२१ मध्ये जेम्स ब्लिंकहॉर्न आणि सहकाऱ्यांनी वाळूच्या कणांवरून नव्याने कालमापन केले आणि तेथील हातकुऱ्हाडींचा वापर सुमारे १ लाख ७७ हजार वर्षांपूर्वीपर्यंत चालू होता, असे दाखविले. म्हणजे देशातील सर्वांत जुन्यांपैकी एक समजले जाणारे स्थळ सर्वांत उशिराच्यांपैकी एक निघाले. चाळीस वर्षांनंतर पुन्हा जाऊन नमुने घेता आले, कारण थर जागेवर होते.

तुर्कानाच्या बाबतीत हाच अवधी आता मोजका आहे. केनियाच्या २००६ च्या राष्ट्रीय संग्रहालये व वारसा कायद्याने पुरावशेषांना संरक्षण दिले आहे आणि उत्खननासाठी परवाना लागतो. कायदा माणसाला अडवू शकतो. लाट आणि घळ यांच्यासाठी वेळेवर केलेली नोंद हाच उपाय. सखल पट्ट्याचे सविस्तर नकाशे, उघड्या पडलेल्या थरांची दर पावसाळ्यानंतरची पाहणी, आणि तातडीची जागा असेल तर उत्खनन करून ती पुन्हा मातीने झाकणे ही कामे पैशापेक्षा सातत्य मागतात. परदेशी मोहिमा ठरावीक हंगामात येतात आणि जातात. वर्षभर त्या मुलखात असतात ते दासानाच आणि तुर्काना पशुपालक, ज्यांच्या चौकस नजरेमुळे आजवरचे कितीतरी शोध लागले. दरम्यान, ओमोवर गिबे-३ च्या खालच्या अंगाला कोयशा धरणाचे काम २०१६ मध्ये सुरू झाले आहे. जागतिक वारसा समितीने इथिओपिया आणि केनिया यांना सरोवराच्या संपूर्ण खोऱ्याचे एकत्रित पर्यावरणीय मूल्यमापन करण्यास सांगितले आहे. त्या मूल्यमापनात मासे, पाणी आणि वीज यांच्या रकान्यांशेजारी गाळाचा रकाना असेल की नाही, हे दोन्ही सरकारांनी ठरवायचे आहे.